लाल रंगाखालचा दांडा

दसऱ्याच्या सकाळी केनवडच्या आमच्या घरासमोर ट्रॅक्टर आणि ट्रॉली धुऊन उभी होती. थोरल्या भावाने दरवर्षीसारखा ट्रॉलीला लाल ऑइलपेंट दिला होता. त्यावर हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. दुपारी याच ट्रॉलीतून गल्लीतल्या बायका देवीला जाणार होत्या. वहिनीही त्यांच्यात होती.

ट्रॅक्टर ज्याने ट्रॉलीला ओढतो तो दांडा मी पाहत होतो. वेल्डिंगच्या कडेला नव्या रंगातून केसाएवढी तांबूस रेघ वर आली होती. पूजेचं पाणी असेल, असं भाऊ म्हणाला. मी बोटाने पुसलं. रेघ तशीच राहिली.

कोसळलेल्या एका टाकीची बातमी करताना एका अभियंत्याने मला सांगितलं होतं, की लोखंड मोडायला मोठंच ओझं लागतं असं नाही. पेलवणारं ओझंही पुन्हापुन्हा आलं की जोडाच्या कडेला बारीक भेग पडते. प्रत्येक धक्क्याला ती थोडी पुढे सरकते. वरून सगळं धड दिसतं, आणि उरलेलं लोखंड एका झटक्यात जातं. तेव्हापासून एसटीत बसलो तरी माझं लक्ष सीटच्या जोडाकडे जातं.

दांड्याला आधीही वेल्डिंग झालं होतं. भावाच्या मते म्हणूनच तो पक्का होता. रंग खरवडून पाहू, असं मी सुचवलं.

"पुजलेल्या लोखंडाले आज लोखंड लावत नाई," भाऊ म्हणाला. "उद्या पाय. तुले तं जिकडं तिकडं बातमीच दिसून राह्यली."

बायका जमू लागल्या. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. पेपरवाल्याला ट्रॉलीत जागा ठेवा, नाहीतर आपलीच नावं छापेल, असं एकीने म्हटल्यावर सगळ्या हसल्या.

वहिनीने मला विचारलं, मी सांगितलं. तिने पूजेच्या नारळाची करवंटी उचलली.

"हे काई लोखंड नाई," ती भावाला म्हणाली. "अन् ट्रॉलीत मी बसणार हाओ, तुमी नाई."

रंग कच्चा होता, करवंटीने सालीसारखा निघाला. मी त्या जागी डिझेलचा बोळा फिरवला, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. पांढऱ्यावर भेगेत मुरलेलं डिझेल हळूहळू उमटलं. काळी रेघ वेल्डिंगच्या टोकापासून निघून दांड्याच्या खालच्या बाजूला वळली होती.

भावाने तिच्यावरून बोट फिरवलं. त्याने खिळी काढून ट्रॉली सोडवली. बायका पायीच निघाल्या.

रस्त्याने दुसऱ्या गल्ल्यांच्या ट्रॉल्या जात होत्या, नव्या रंगाच्या, माणसांनी भरलेल्या. भाऊ कडेला उभा राहून प्रत्येकीचा दांडा पाहत होता. एकीला त्याने थांबण्यासाठी हात केला. चालवणाऱ्याने हसून उलट हात केला आणि ट्रॅक्टर पुढे नेला.