कासमच्या दाताचं मूळ

आखातात कामाला असलेल्या कासम सुताराचा पुढचा दात खजुराच्या बीवर मोडला, तेव्हा मुंबईला जाणारी आगबोट चार दिवसांवर आली होती आणि गावी सईदाशी त्याचा निकाह ठरलेला होता. मुलीकडे पाठवलेल्या फोटोत कासम बत्तीशी दाखवून हसला होता. आता हसला, की मधोमध खिडकी.

दाताची नस मागच्याच हिवाळ्यात काढली होती. हिरडीत उरलं होतं भरलेलं मूळ. कासम अहमदीच्या कामावरून थेट शहरात, मिरकाबच्या दवाखान्यात गेला. सोबत त्याच्याच खोलीत राहणारा यूसुफ, नुसता चिडवायला.

"या मुळात बारीक खांब बसवायचा, त्यावर दात," मुंबईचे डॉक्टर अकबर म्हणाले. "आट्यांचा तयार खांब आज बसेल. मापाचा ओतून घेतला, तर दोन आठवडे."

"आट्यांचाच द्या, डॉक्टरसाहेब! खिळा सैल होतो, स्क्रू नाही. आणि चांगला जाडजूड द्या."

"मुळाची भिंत पातळ आहे, कासमभाई. सुक्या फळीच्या अगदी काठाला जाड स्क्रू पिळलात तर?"

कासमनं जिभेनं मूळ चाचपलं. असल्या फळ्या त्यानं आयुष्यात कमी फोडल्या नव्हत्या.

"फाटते," तो पुटपुटला.

"मूळ फाटलं, की उपटायचं. मग खांबही नाही नि दातही नाही."

"घे रे स्क्रू," यूसुफ म्हणाला. "निकाहापुरता टिकला तरी बस! नंतर ती जाते कुठं?"

कासमला हसू येईना. बोट सोडावी, तर तारीख मोडते. स्क्रू घ्यावा, तर जन्माचा बोळका.

"तोंड बुजवून ठेवा मुळाचं," शेवटी तो म्हणाला. "ओतीव खांब गावाहून परत आल्यावर घालू."

बोटीवर त्याला धड जेवण गेलं नाही. ओठ मिटून हसायची तालीम तेवढी चालू होती. 'सईदा' म्हणताना फटीतून शिट्टी वाजे. सोबत गावी निघालेला यूसुफ मुद्दाम तेच म्हणायला लावी आणि खलाशांना ऐकवी.

निकाह झाला. खोलीत दोघंच उरली, तरी कासम तोंडावर रुमाल धरून बसलेला.

"रुमाल काढा की," सईदा म्हणाली.

त्यानं काढला. ती वाकून बघत राहिली.

"मूळ हाय ना?"

"हाय. शाबूत हाय."

"मग बसंल," ती म्हणाली. "पण फोटोत भलताच हसला होतात हां!"