हात्सुएसानने मागितलेली माफी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या मुलांना शाळेतून एक काम असतं. घरी स्वतः काहीतरी प्रयोग करायचा आणि शाळा उघडली की वर्गासमोर मांडायचा. आईबापांना वेळ असेल त्या घरात हे मजेत पार पडतं. ओसाकातल्या आमच्या सरकारी घरांच्या इमारतींतल्या आया मात्र जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. त्यांच्या मुलांनी काय मांडायचं? मी हा प्रश्न पालिकेच्या कचेरीत टेबल आपटून विचारला. चहा मिळाला, उत्तर नाही.

हात्सुए तानिगुचीने कुणालाच काही विचारलं नाही. तिने जांभळा कोबी उकळला.

सुपरमार्केटच्या गल्ल्यावर आयुष्य काढलेली ही विधवा बाई. दर शनिवारी रहिवासी संघाच्या खोलीत वाडगे मांडायची. कोबीच्या पाण्यात व्हिनेगर पडलं की गुलाबी, सोडा पडला की निळं-हिरवं. मुलं टेबलावर चढायची बाकी राहायची.

"काकू, सोया सॉस घालू?"

"घाल की! पण मग तूच प्यायचंस हं."

सगळ्यांचा लाडका प्रयोग सुक्या बर्फाचा. गोठवलेलं सामान घेतलं की दुकानातून हा धूर सोडणारा बर्फ फुकट मिळतो. तो साबणाच्या पाण्यात टाकला की पांढऱ्या धुराने भरलेले बुडबुडे परातीबाहेर सांडतात. आणि प्रत्येक वेळी ती दरडावून विचारायची, "बाटलीत घालून झाकण लावलं तर?" मुलं ओरडायची, "फुटेल!"

चिनात्सुही त्यात ओरडायची. तरी तिने घरी झाकण लावलं. आई आसामी रात्रपाळी करून आली होती, आतल्या खोलीत झोपली होती. आईला दाखवायचं होतं, पण ती उठेपर्यंत धूर उडून जाईल म्हणून पोरीने बर्फच सोड्याच्या बाटलीत कोंडून ठेवला. बाटली फुटली. भुवईवर टाके पडले. डोळा वाचला, एवढंच.

हात्सुएसान लगेच मिठाईची पेटी बांधून घ्यायला निघाली. मी जिन्यातच तिला अडवलं.

"कुठे? माफी मागायला? चूक काय तुझी?"

"त्रास झाला ना त्यांना. जायला नको?"

"अगं, तू वाकलीस की तो अध्यक्ष मुराओका तुला उठूच देणार नाही!"

"तू आरडाओरडा करून जगतेस. मला नाही जमत तसं," म्हणाली आणि गेली. आसामीच्या दारात कंबरेत वाकून उभी राहिली. आपल्याकडे माणूस हेच करतो, एवढं मलाही कळतं. पण आमचे संघाचे अध्यक्ष मुराओका यांनाही ते कळत होतं. दुसऱ्याच दिवशी खोलीला कुलूप.

बैठकीत ते शांतपणे म्हणाले, "चूक नव्हती तर पेटी कशाला नेली?"

तेवढ्यात आसामी उठली. पेटी तिने बरोबर आणली होती, न उघडलेली. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "त्या ठेवून गेल्या, पण मी ती स्वीकारलेली नाही. स्वीकारली असती तर चूक त्यांची ठरली असती. मी झोपले होते, अध्यक्षसाहेब. चूक कुणाची ते लिहायचंच तर माझं नाव लिहा."

मला वाटलं, आता हा माणूस गप्प बसेल.

"माफी स्वीकारली नाही, म्हणजे तुमचा राग अजून गेलेला नाही," मुराओका म्हणाले. "मग तर खोली बंदच बरी."

माझा तोल गेला. काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. खूप ओढाताण झाल्यावर त्यांनी एक अट घालून खोली दिली: दर वेळी एका मुलाची आई किंवा वडील तिथे हजर पाहिजेत.

"मी बसेन," मी म्हटलं.

"तुम्हाला मूल कुठे आहे?"

हात्सुएसान मान खाली घालून बसली होती. तिने त्या अटीलाही वाकून होकार दिला. त्या क्षणी मला तिचाही राग आला.

पहिल्या शनिवारी आसामी कारखान्यातून परस्पर आली, केसांवरची पांढरी टोपी तशीच. भिंतीला टेकून खुर्चीत बसली. चिनात्सुने वाडगा तिच्या नाकापुढे धरला, "आई, बघ, बघ ना." आसामीने डोळे उघडले, "बघतेय गं," म्हणाली, आणि पुन्हा मिटले. हात्सुएसानने मुलांना हळू बोलायला सांगितलं. पोरं कुजबुजत रंग बदलत राहिली. दारातून मुराओका डोकावून गेले. खुर्ची भरलेली होती, त्यांचं समाधान झालं.

जाताना आसामी मला म्हणाली, "दर आठवड्याला नाही झेपणार हो मला. कारखान्यातला फोर्कलिफ्टवाला ओरडला आज, उभ्याउभ्या डुलक्या घेते म्हणून."

पुढच्या शनिवारसाठी मी दारोदार फिरतेय. दुपारी घंटा वाजवली की आतून झोपमोड झालेला आवाज येतो, "कोण?" शनिवारी खोलीत येऊन बसाल का, असं मी विचारते. उत्तर सगळीकडे एकच, "बघते." अजून कुणी हो म्हटलेलं नाही, आणि हात्सुएसान मात्र दर भेटीत विचारते, कोबी आणून ठेवू का.