अकरा साइट्स बंद पडल्या तेव्हा
मी वेब होस्टिंगचा धंदा सुरू केला तेव्हा डोणगावात निम्मा दिवस विजेची लाइनच नसायची. बाबांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. बीटी कपाशीची पाकिटं नवीन होती. मृगाआधी दुकानापुढे रांग लागायची, आणि दिवाळीच्या सुमारास तीच माणसं लाल पडलेली पानं रुमालात बांधून आणायची. दुकानाच्या मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांना टेकून, माझं टेबल आणि कॉम्प्युटर.

कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी बुलढाण्याहून परत आले होते. पुण्याला जायचं नाही असं ठरवलं होतं, कारण आईची तब्येत बरी नव्हती. आधी मी दोघा-तिघांना वेबसाइट बनवून दिल्या. मग कळलं की साइट बनवणं एकदाचं काम असतं, पण ती चोवीस तास चालू असलेल्या एखाद्या मशीनवर ठेवणं हे कायमचं काम. पहिली साइट मी हौसेने माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवली. लाइन गेली की साइट गेली. चार दिवसांत नाद सोडला. मग मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून परदेशातल्या मशीनवरची जागा घेतली आणि ती थोडी थोडी करून इथल्या लोकांना द्यायला लागले.

बाबांना हे समजावताना मला घाम फुटला होता. त्यांना मात्र लगेच कळलं.

"म्हंजे ठोक घ्याचं अन चिल्लर विकाचं. आपलंच दुकान झालं ना हे!" मग म्हणाले, "पण माय, घरात लाइन नाही अन तू जगाची लाइन सांभाळून राह्यली, हे काही मले समजत नाही."

वर्षभरात माझ्याकडे अकरा साइट्स झाल्या. मेहकरचे एक डॉक्टर, एक शिकवणी वर्ग, दोन शाळा, असं करत करत. त्यातल्या दोघांबद्दल सांगायला हवं. एक खामगावजवळच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचे, मालक. त्यांना सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांच्या साइटवर रोज कापसाचा भाव लागायचा. दुसरे सुलतानपूरचे निवृत्त गुरुजी. त्यांची साइट लग्नाची होती, पण फक्त शेती करणाऱ्या मुलांची.

"पोरगा शेती करते म्हटलं का पोरीचा बाप हातातला चहा खाली ठेवते," गुरुजी मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "नोकरीवाल्याले पाह्यजेन ते भेटते. माह्या हाताखाली शिकलेली चांगली चांगली पोरं पस्तिशीले आली. त्यायचं कोणी पाहावं?"

त्यांनी गावोगाव सायकलवर फिरून बायोडाटा गोळा केले होते. घरी बसून एका बोटाने ते टाइप करायचे. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे दर भेटीत माझाही बायोडाटा मागायचे. मी हसण्यावारी न्यायचे.

दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी चाचांचा फोन आला.

"बेटी, आज भाव दिसून नाही राह्यला. लोकं फोनवर फोन करून राह्यले."

मी त्यांची साइट उघडली. उघडेना. डॉक्टरांची उघडली, शाळेची उघडली. एकही उघडेना. शहरातल्या विक्रेत्याला फोन लावला, तो बंद. दुपारी बंद, दुसऱ्या दिवशीही बंद. त्याच्या ऑफिसच्या नंबरवर कोणीतरी सांगितलं की तो जागा सोडून गेला.

ज्याचा ज्याचा फोन आला त्याला मी खोटं बोलले. "मेंटेनन्स चालू आहे, उद्या होईल." हे वाक्य दोन दिवसांत इतक्या वेळा म्हटलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं. पण खरी काळजी गुरुजींची होती. बाकीच्यांचं मी कसंही पुन्हा बनवून दिलं असतं. गुरुजींचे बायोडाटा कुठून आणणार होते? माझ्याकडे त्यांची प्रत नव्हती. ती ठेवणं माझंच काम होतं, आणि आज करू, उद्या करू म्हणत ते राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काऊन वं, तोंड काऊन असं उतरलं?"

मी सगळं सांगून टाकलं. ते गल्ल्यामागे उभे राहून ऐकत होते.

"तुह्या नावाचं काही आहे का नाही? कागद, पावती?"

त्या वर्षांत बोगस बियाण्याचा सुळसुळाट होता. बिनबिलाची खुली पाकिटं यायची, उगवायची नाहीत, आणि तक्रार करायला गेलं की आधी बिल मागायचे. बाबा प्रत्येकाला बजावायचे, पाकीट फेकू नका, बिल तुमच्याच नावाचं घ्या. ते ऐकत मोठी झाले म्हणून असेल, पण साइट्सची नावं, म्हणजे इंटरनेटवरचे त्यांचे पत्ते, मी विक्रेत्याच्या नावावर राहू दिली नव्हती. ती नोंदवताना हट्टाने माझ्या हाताने नोंदवली होती. मशीन त्याचं, पण नावांची किल्ली माझ्याकडे.

"मंग ज्याचं मशीन आहे त्यालेच लिही ना," बाबा म्हणाले. "मधल्याले कायले रडत बसते?"

मी परदेशातल्या मूळ कंपनीला ई-मेलने पत्र लिहिलं. माझं इंग्रजी पुस्तकी होतं, चार वेळा खोडून लिहिलं. सकाळी उत्तर आलं होतं. तिथल्या एका तंत्रज्ञाने लिहिलं होतं की त्या विक्रेत्याचं खातं त्यांनी बंद केलंय, आणि शनिवारी ते मशीन पुसलं जाणार आहे. पण ही नावं खरंच तुझी असतील तर मी सांगतो तो एक बदल त्या नावांच्या नोंदीत करून दाखव, मग मी दार उघडतो. साइट्सवरचा माल इकडून तिकडे हलवायची मला परवानगी नाही. तुझा तूच उतरवून घे.

मी बदल केला. तासाभरात दार उघडलं. तो बुधवार होता.

आता प्रश्न उतरवून घेण्याचा. डोणगावातल्या टेलिफोनच्या लाइनवर तेवढा माल उतरायला महिना लागला असता, तोही वीज राहिली तर. ब्रॉडबँड आणि जनरेटर दोन्ही एकाच ठिकाणी आहे अशी मला माहीत असलेली जागा एकच होती. दुपारच्या एस.टी.ने मी खामगाव गाठलं, पिशवी मावशीकडे टाकली आणि थेट जिनिंगमध्ये गेले.

चाचांना मी उभ्या उभ्याच खरं सांगितलं. मेंटेनन्स वगैरे काही नव्हतं, मी खोटं बोलले, साइट गेली होती, सुलतानपूरच्या गुरुजींनी जमवलेले लग्नाचे बायोडाटाही त्यातच अडकलेत, आणि हे सगळं वाचवायला मला तुमचंच ऑफिस पाहिजे.

 चाचा खुर्ची मागे सरकवून उठले.

"बैठ," ते म्हणाले. "माह्या भावाचं काय, तो तर मी फळ्यावर लिहून बी देईन. ते गुरुजीचं पह्यले काढ. पोरायच्या जिंदगीचा सवाल आहे."

बुधवार दुपारपासून शुक्रवारपर्यंत मी त्या खुर्चीत बसले. बाहेर गाड्या रिकाम्या होत होत्या, जिनच्या आवाजाने टेबल थरथरायचं आणि उघड्या दारातून सरकीचा वास घेऊन रुई तरंगत आत यायची. कॉम्प्युटरच्या पंख्यात ती अडकू नये म्हणून चाचांच्या मुनीमजींनी त्याच्या मागे एक ओला पंचा टांगला. लाइन गेली की ते माझ्याआधी जनरेटरकडे धावायचे. तरी ती मधली दोन मिनिटं जायचीच, आणि तुटलेलं पुन्हा जोडून घ्यावं लागायचं. चाचांच्या घरून दोन्ही दिवस डबा आला. मी जेवले की नाही हे चाचा डबा उघडून बघायचे.

गुरुजींचा माल सगळ्यात मोठा होता, कारण फोटो. तीन वेळा तुटला. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला तो पूर्ण उतरला. मी एक बायोडाटा उघडला, मग शेवटचा उघडला, मग मधले चार-पाच. सगळे जागेवर.  मुनीमजींनी विचारलं, "आलं काय?" मी नुसती मान हलवली. ते बाहेर गेले आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं. काय आलं ते हमालांना ठाऊक नव्हतं, पण तेही हसले.

शनिवारी परत येताना मी मेहकरहून पुढे सुलतानपूरला गेले. गुरुजी ओसरीवर बसले होते. समोर उघडा पडलेला कॉम्प्युटर, हातात पेचकस.

"बरं झालं आली," ते म्हणाले. "पाच-सहा दिवस झाले, साइटच उघडत नाही. मले वाटलं माहाच डब्बा बिघडला. दोनदा खोलून पुसला."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी खाली बसून सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. गुरुजींनी पेचकस बाजूला ठेवला.

"एकही नाही गेला?"

"एकही नाही, गुरुजी."

"मी कागदं फाडून टाकले वं सारे. कॉम्प्युटरात आहे म्हणून."  मी रागाची वाट पाहत होते. ते म्हणाले, "मंग आता मले बी एक सीडी करून दे. अन दर महिन्याले नवीन. इसरली तर मी डोणगावात येऊन बसीन."

नवीन जागा मी थेट त्या मूळ कंपनीकडून घेतली. माल चढवायला पुढचा आख्खा आठवडा गेला, कधी खामगावहून, कधी मेहकरहून. उरलेल्या नऊ जणांनाही मी खरं काय झालं ते सांगितलं. शिकवणीवाले सोडून गेले. त्यांचं बरोबरच होतं. बाकीचे राहिले.

शेवटची साइट, गुरुजींची, उघडली ती दुपारची वेळ. मी बाबांना आत बोलावलं. ते गिऱ्हाइकाला थांबवून आले, चष्मा पुसला आणि पडद्यावरचा एक बायोडाटा मोठ्याने वाचायला लागले. "चार एकर कोरडवाहू. आई-वडील सोबत. आवड, भजन आणि क्रिकेट." फोटो निरखून म्हणाले, "अरे, हा तर आपलाच गिऱ्हाईक आहे. चांगला पोरगा आहे बापा." दुसरा वाचला, तिसरा वाचला. बाहेरून हाक आली तेव्हा गेले.

मी खताच्या पोत्यांवर सतरंजी टाकली आणि भर दुपारी झोपले. आईने चहालाही उठवलं नाही.