मोडलेल्या संघाची माणसं

नोकरीसाठी कॅनडातल्या या लहान गावात आल्यापासून मी दुकानात एक गोष्ट पाहतो. विटलेली निळी जर्सी घातलेल्या कुणाला तशाच जर्सीतलं दुसरं कुणी दिसलं, की तो फ्रीजरच्या काचेवर मूठ आपटतो. समोरचाही आपटतो. दोघं हसतात आणि आपापलं दूध घेऊन निघून जातात. मी पिशवी धरून पाहत राहतो आणि खरं सांगायचं तर जळतो.

काल एका आजोबांना विचारलंच.

"आमच्या गावाचा आइस हॉकीचा संघ होता," ते म्हणाले. "बर्फाच्या मैदानाभोवती काचेची भिंत असायची. ती आम्ही अशीच बडवायचो."

"फार जिंकायचा का संघ?"

"जिंकला असता तर बंद कशाला पडला असता?"

"याच्या ओरडण्यानेच पळून गेले खेळाडू," शेजारच्या जर्सीवाल्या बाई म्हणाल्या.

दोघं पोटभर हसले. माझ्या मात्र पोटात दुखलं. हरण्याची आठवणसुद्धा या माणसांनी वाटून घेतली होती.

"तुमच्या गावात होता का संघ?" आजोबांनी मला विचारलं.

"कबड्डीचा होता. तोही मोडला."

"मग तुम्ही कुठल्या बाजूला बसायचात?"

मैदान आमच्या घरामागेच होतं. सामना असला की आई खिडकी लावून घ्यायची. घरातला पहिला पदवीधर मला व्हायचं होतं. आईवडिलांच्या त्या धाकामुळेच मी इथवर आलो, त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

"मी घरात बसायचो," मी म्हणालो. "आवाज यायचा."