धुतलेला फिल्टर

गाडी ओढत नव्हती. दर्यापूर रोडला लागलं की चौथ्या गिअरमध्ये तिला दम लागायचा. अॅक्सिलेटर कितीही पिळा, मागून बैलबंडी पुढं निघून जाईल की काय असं वाटायचं. मी अमरावतीत राहतो आणि दर्यापूरकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. जाऊन-येऊन रोजचे शंभर किलोमीटर. गाडीनं दगा दिला की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरायला तसंही फार काही लागत नाही.

आमच्या कॉलनीच्या चौकात एक मेकॅनिक आहे. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की त्याच्या दुकानासमोर आम्हा मास्तर लोकांच्या चार-पाच गाड्या लागलेल्या असायच्या. त्यानं बाजूचं कव्हर खोलून एअर फिल्टर काढून दाखवला. काळाकुट्ट. ‘हा कागदाचा येते सर, धुता नाही येत. नवीनच टाका लागते.’ मी म्हटलं, टाका भाऊ. तो टाकत होता तेव्हा मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. गाडी मात्र घरापर्यंत अशी पळाली की बस.

दुसऱ्या दिवशी रविवार. नेहमीसारखा अकोल्याला आई-बाबांकडे गेलो, आईच्या हातची पातोडीची भाजी खाऊन दुपारी ताणून दिली आणि संध्याकाळी परतलो. मूर्तिजापूरच्या पुढं गाडी पुन्हा कण्हायला लागली. सोमवारी शाळेच्या वाटेवर तर पारच बसली. दर्यापूरच्या एका मेकॅनिकपर्यंत ढकलत नेली. त्यानं फिल्टर काढला, नाकाला लावला. ‘हा धुतेल हाये जी. पेट्रोलनं धुतला आन् वरून आइल चोपडलं. कोनं केलं हे?’

कोणी म्हणजे काय? चौकातल्यानं! जुनाच फिल्टर धुऊन माझ्या गळ्यात मारला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच बाकड्यावर बसून मी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक लिहिलं: दुकान कुठलं, माणूस कोण, काय केलं. शेवटी ‘सावध राहा’. शाळेत पोचेपर्यंत साठेक अंगठे आले होते. खरं सांगतो, बरं वाटलं.

दर्यापूरवाल्याचा नवा फिल्टर दोन आठवडे झकास चालला; शाळेच्या कामापायी त्या दोन रविवारी कुठं जाणं झालं नाही. मग एका रविवारी अकोल्याला जाऊन आलो आणि सोमवारी गाडीचे पुन्हा तेच नखरे. मी घरीच कव्हर खोललं. फिल्टरला पेट्रोलचा वास, कागदाच्या घड्या तेलानं चिकटलेल्या. मी चक्रावलो. हा नवा फिल्टर तर माझ्या डोळ्यांसमोर डब्यातून काढला होता. मग हा धुतला कोणी? शेजाऱ्यावर संशय घेतला, शाळेतल्या पोरांवर घेतला. माझंच काही चुकतंय का म्हणून तीनदा खोलून तीनदा लावला. बायको म्हणाली, ‘तुमीच धुतला असान, आठवत नसन.’ खोटं कशाला बोलू, एक दिवस मला तेही खरं वाटलं.

तो फिल्टर बदलून पुढच्या रविवारी परत अकोल्याला गेलो. जेवून आडवा झालो, पण डोक्यात तेच घोळत होतं, झोप लागेना. पाणी प्यायला उठलो तर अंगणात बाबा उकिडवे बसलेले. बाजूला पेट्रोलची वाटी, हातात जुना टूथब्रश, आणि ब्रशखाली माझा फिल्टर.

बाबा जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. कापसाचा तंतू मशीनच्या नाकातोंडात शिरायचा, त्यामुळं दिसेल ती जाळी साफ करायची हा त्यांचा धर्म. त्यांच्या स्वतःच्या जुन्या मोटरसायकलला स्पंजचा फिल्टर होता. तो पेट्रोलमध्ये बुचकळायचा, पिळायचा, दोन थेंब ऑइल लावून बसवायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. ते तरी मला कसं सुचलं नाही?

‘झाली का झोप?’ बाबा म्हणाले. ‘मी दरखेपी साफ करून ठेवतो. तुले कुठचा टाइम. पन हा नवीन स्पंज लय कडक येते बापा, पिळताच नाही येत.’

मला आधी हसू फुटलं. मग तो ग्रुप आठवला. मी बाबांना सगळं सांगितलं. फिल्टर कागदाचा असतो हेही, आणि मी काय लिहिलं तेही. त्यांनी ब्रश वाटीत ठेवला. ‘त्या मानसाले इचारलं व्हतं का तू?’

नव्हतं विचारलं.

सोमवारी शाळेला रजा टाकली. अकोल्यातच नवा फिल्टर बसवून बाबांना मागं बसवलं आणि अमरावती गाठली. चौकातल्या दुकानासमोर एक मोपेड सोडली तर काही नव्हतं. मेकॅनिकनं मला पाहून स्टूल पुढं सरकवलं. ‘या सर. लय दिवसानं. महिना झाला, मास्तर लोकाईची एक गाडी नाही येऊन राहिली. का झालं, मले समजूनच नाही राहिलं.’

त्याला माहीतच नव्हतं. ज्याच्याविषयी साठ जणांना सांगितलं, त्या एकालाच सांगायचं राहिलं होतं. मी उभ्यानंच सांगून टाकलं. बाबा मध्येच म्हणाले, ‘चूक माही हाये भाऊ, हातानं माह्या झाली.’ मेकॅनिक त्यांना म्हणाला, ‘तुमची नाही बाबा, तुमी तं साफच केला.’ माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. मला लाज वाटली, आणि ती लपवायची कुठं ते कळेना.

तिथंच बसून मी ग्रुपवर लिहिलं: मेकॅनिकनं नवाच फिल्टर टाकला होता, माझ्या वडिलांनी तो न कळून धुतला, चूक सर्वस्वी माझी. पाठवलं. उत्तरं लगेच यायला लागली.

‘काय म्हनून राहिले?’ मेकॅनिकनं विचारलं.

‘पाहून राहिले,’ मी म्हटलं आणि मोबाइल उलटा धरला.

‘मोठ्यानं वाच,’ बाबा म्हणाले.

मी वाचायला लागलो. ‘सर, तुमचं मन मोठं आहे.’ ‘त्यानं दबाव आणला का सर? सांगा, आम्ही पाहतो.’ ‘बिचाऱ्या वडिलांचं नाव पुढं करायला लावलं, काय माणूस आहे.’

मेकॅनिक मोपेडचा ब्रेक आवळत होता. मी थांबलो तसा त्याचा पानाही थांबला.

‘अजून हाये का?’ त्यानं विचारलं.

‘आहे,’ मी म्हटलं.