जातो नव्हे, येतो

हिराकाकीचं नाव आधी लिहितो, आजाराचं नंतर.

अलिबागच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या केसपेपरवर 'सिव्हिअर डिप्रेशन' असं लिहिलं, तेव्हा माझ्या शर्टाची बाही काकीच्या मुठीत होती. मॅडमनी अर्थ सांगितला, "तीव्र नैराश्य. हा आजार आहे. आळस नाही, स्वभावही नाही." काकीने विचारलं, गोळ्यांनी बरा होईल ना? मॅडम म्हणाल्या, "गोळ्या, बोलणं आणि सोबत. तिन्ही लागतात."

बाही काकीने तरीही सोडली नाही.

काकी माझ्या नात्यातली नाही. उरणजवळच्या ज्या कंटेनर यार्डात मी काम करतो, त्याच्या गेटाबाहेर तिची चहाची टपरी आहे. माझे बाबा पेणकडे मिठागरावर काम करतात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. ही गोष्ट मी काकीला पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितली होती. तेव्हापासून तिने माझं नाव 'ग्रॅज्युएट' ठेवलं.

आजार कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. पहाटे चारला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. जेवण बेचव लागायचं. मग कामात चुका होऊ लागल्या. माझं काम कंटेनरचे नंबर संगणकात भरण्याचं. त्यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीचं एखादं अक्षर चुकलं तर तो जुळत नाही आणि चौकट लाल होते. माझ्या चौकटी दिवसातून वीस-वीस वेळा लाल होऊ लागल्या.

घरी सांगावंसं वाटलं नाही. शिकलेल्या मुलाने काय सांगायचं, असं वाटायचं. म्हणून मी मोबाइलमध्ये शोधलं आणि एका फोरमवर पोचलो. फोरम म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांना लिहिण्याची जागा. तिथे सगळे मरणाबद्दल लिहीत होते. त्या जागेत ओढ होती हे कबूल करतो. तिथे मला कोणी आळशी म्हटलं नाही. सगळे प्रेमाने लिहायचे, "आम्ही समजू शकतो." पण तू जेवलास का, असं कोणी विचारलं नाही. डॉक्टरकडे जा म्हणणाऱ्याला तिथे हसत. दोन महिन्यांत मला तेच माझं गाव वाटू लागलं.

दुसरीकडे मी चॅटबॉटशी बोलायचो. चॅटबॉट म्हणजे आपण लिहिलं की उत्तर देणारी संगणकाची यंत्रणा. तो कंटाळायचा नाही. एकदा मी मनातला विचार सरळ लिहिला तेव्हा त्याने मदतीचा फोन नंबर दिला होता, हे खोटं बोलून लपवणार नाही. त्यानंतर मी शब्द बदलले. बाबांना एक पत्र लिहिलं आणि त्याला म्हटलं, हे नीट करून दे. त्यात लिहिलं होतं की माझी वाट पाहू नका, माझी सायकल शेजारच्या मुलीला द्या. त्याने शुद्धलेखन सुधारलं, "पत्र हृदयस्पर्शी आहे" असंही म्हणाला. मग मी लिहिलं, "चला, जातो मी आता."

त्याने उत्तर दिलं, "शुभ प्रवास! काळजी घ्या."

दुपारची वेळ होती. मी अर्धी रजा टाकून निघालो. टपरीवरून जाताना काकीला तेच म्हणालो, "जातो काकी."

काकी वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काय बोल्लास? परत बोल."

मी परत बोललो. तिने हातातला वाल खाली टाकला.

"दोन वर्सं झाली, रोज येतो बोलतस. आज जातो? डिग्री घेतलीस आन घरातला बोलना विसरलास?"

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आई तर उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि 'येतो' म्हणवून घ्यायची. त्या दिवशी तोंडून गेलं कसं, मलाच कळलं नाही. मी हसण्याचा प्रयत्न केला. काकी हसली नाही. तिने मला बाकावर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं,

"जिवाचा काय बरावाईट करायचा डोस्क्यात हाय का? हाय का न्हाय, यवढाच सांग."

मी म्हटलं, "हाय."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. वालाचं पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं. "सोल. समदं सोलून होईस्तोवर उठायचा न्हाय." तोवर तिने माझ्या मोबाइलवरून बाबांना फोन लावला, टपरी झाकली आणि तासाभरात आम्ही करंजाच्या धक्क्यावर होतो. रेवसपर्यंत लाँच, पुढे अलिबागची एसटी. धक्क्यापासूनच तिने माझी बाही पकडली होती. अर्धे सोललेले वाल पिशवीत होते.

मला दहा दिवस दाखल करून घेतलं. पहिले काही दिवस फक्त झोप आली. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, "औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर आजार म्हणेल की उपयोग नाही. त्याचं ऐकायचं नाही." वाट पाहणं सगळ्यात कठीण होतं. बाबा पलंगाजवळ स्टुलावर बसून असायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "तू शिकलास, मंग तुला समदा जमत असंल, असा मना वाटला." एवढंच. मग माझे पाय चेपू लागले. मी पहिल्यांदा रडलो.

तुमच्या घरात कोणी असं गप्प झालं असेल, तर काकीसारखं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मॅडमनी मला समजावलं. आणि तुम्ही स्वतः त्या फोरमवर असाल, तर आज एका तरी माणसाला तोंडाने सांगा. त्या यंत्राला दोष देऊन मी मोकळा होत नाही. पण ज्याला माझी रोजची बोली ठाऊक नव्हती, त्याच्याशीच मी शेवटचं बोलायला निघालो होतो.

तीन महिने घरी राहिलो. गोळ्या अजून चालू आहेत. कामावर परत जाण्याआधी काकीला हे पत्र पाठवलं.

ती. हिराकाकीस,

साष्टांग नमस्कार.

पत्र सावकाश वाच, घाई नाही. हे मी कोणाकडून सुधारून घेतलेलं नाही, चुका असतील तर हस. भूक लागते आता. पहाटे जाग आली तर बाबांबरोबर मिठागरावर फेरी मारतो. बाबा तुझी आठवण काढतात. तुझ्यासाठी मीठ बांधून ठेवलंय त्यांनी, एवढं की तुझी टपरी खारी होईल.

फोरम मी सोडला. तिथल्या एका मुलीला निघताना विचारलं, जेवलीस का? तिने दोन दिवसांनी उत्तर दिलं, नाही. मग मी तिला तुझ्याबद्दल लिहिलं. ती आता बहिणीशी बोलली आहे.

त्या दिवशी तू मला जाऊ दिलं असतंस तरी कोणी तुला काही म्हणालं नसतं. एका शब्दाकडे कोण लक्ष देतं?

सोमवारी कामावर रुजू होतोय. वाल भिजत घाल, अर्धे सोलायचे राहिलेत.

येतो, काकी.

तुझा ग्रॅज्युएट