जांभळा अंगठा

पक्षाघातानंतर बायकोचा उजवा हात नुसता पडून असतो. व्यायामकेंद्रात तिच्या डोक्यावर तारांची टोपी आणि डोळ्यांवर चष्म्याचं खोकं चढवतात. खोक्यात अंगण दिसतं. हात हलवायचं तिने मनात आणलं, की तिथला हात रांगोळी काढतो. परवा तिचं खरं बोटही हललं. त्या यंत्राला मी हात जोडतो, चालवणाऱ्यांना नाही.

"काका, काकू कंटाळल्या, घाबरल्या, सगळं इथे दिसतं," टाय लावलेले साहेब पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "यंत्र बनवणाऱ्या कंपनीलाही पाठवतो आम्ही." प्रसाद वाटावा तसा चेहरा! चाळीस वर्षं संसार केला, पण तिच्या मनात मी असा घुसलो नाही. आणि हे चपला घालून थेट देवघरात.

"तिला विचारलंत?"

"म्हणजे काय! काल तुम्ही औषधं आणायला गेला होतात ना, तेव्हाच संमती घेतली."

त्यांनी कागद पुढे केला. बारीक इंग्रजी मजकूर आणि खाली जांभळा अंगठा. जन्मभर शाळेत मुलांची अक्षरं घटवून घेतलेल्या बाईचा अंगठा! तोही उजवा. जो हात तिला उचलता येत नाही, तो यांनीच उचलून कागदावर टेकवला होता. वर त्याला संमती म्हणायचं!

आज तो अंगठा पहिल्यांदा तिच्या मनाने हलला. शाई अजून गेलेली नव्हती.